टॅक्स मोजता तर प्रीमियमही मोजा

संपादक महोदय,

फोंड्यात काय नि म्हापशात काय, पोरांनी बाहेर जायचा विषय निघाला की एकच ऐकू येतं, युरोपात अर्धा पगार टॅक्समध्ये जातो, अमेरिकेत पैसा हातात राहतो. हा हिशोब अर्धवट आहे आणि त्याच्यावर लोक आयुष्याचे निर्णय घेतायत म्हणून लिहितोय.

माझा भाचा जर्मनीत आहे, त्याची पगाराची स्लिप मी बघितलीय. ग्रॉस 4000 युरो, हातात साधारण 2600. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतोच. पण एकेक ओळ वाचत गेलं तर कापलेलं सगळं टॅक्स नाहीच, त्यात पेन्शन आहे, बेकारीचा विमा आहे, आजारपणाचा विमा आहे. आजारपणाच्या विम्याचा मूळ दर 14.6 टक्के, निम्मा कंपनी भरते, वर थोडा जादा हप्ता असतो तोही निम्मा-निम्मा. बायको कमवत नसेल तर ती आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे नाहीत. हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाला तर दिवसाला 10 युरो, तेसुद्धा वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे. जर्मनीचा तेव्हाचा चान्सलर बिस्मार्क, त्याने 1883 साली सुरू केलेली ही पद्धत आजही चालूय.

आता अमेरिका. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने तिथे टॅक्स जमतो साधारण 25 ते 27 टक्के, जर्मनीत 38 च्या आसपास, फ्रान्समध्ये त्याहूनही जास्त, इथपर्यंत लोक बरोबर बोलतात. पण 2024 मध्ये तिथे नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली विम्याचा वर्षाचा सरासरी प्रीमियम 25 हजार डॉलरच्या वर होता, त्यातले सहा हजारांच्या वर नोकरदाराच्या पगारातून जातात आणि बाकीचे कंपनी भरते, म्हणजे तेही शेवटी त्यालाच मिळू शकले असते ते पैसे. एवढं भरून परत डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देण्याआधी आपण भरायची ठरावीक रक्कम, ती पूर्ण होईपर्यंत बरीचशी बिलं आपल्याच खिशातून. ह्याला कोणी टॅक्स म्हणत नाही म्हणून तुम्ही छापता त्या पगारांच्या तक्त्यात येत नाही, एवढंच. देश म्हणून अमेरिका आरोग्यावर जीडीपीच्या 17 टक्क्यांच्या आसपास खर्च करते, जर्मनी 12 च्या, आणि तरी अमेरिकेतलं सरासरी आयुष्य जर्मनीपेक्षाच काय, पोर्तुगालपेक्षाही कमी आहे!

सगळ्यात वाईट म्हणजे तिथे नोकरी गेली की विमाही जातो. कोब्रा नावाच्या कायद्याने तो काही महिने चालू ठेवता येतो पण मग कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर 2 टक्के. ज्याचा पगार बंद झालाय त्याने हे भरायचं कुठून?

युरोपात सगळं गोड आहे असं अजिबात नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या आपल्या लोकांना विचारा. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा 1979 ची, पण आज तिथे 15 लाखांच्या आसपास लोकांना फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये सरकारी उपचारांची वेटिंग लिस्ट 70 लाखांच्या वर गेलेली आपण बघितली. थांबावं लागतं, त्रास होतो. पण थांबणं वेगळं आणि बिल भरायला घर विकायची पाळी येणं वेगळं, हा फरक मला मोठा वाटतो.

आणि आपल्याला हे कळायला हवं कारण आपल्याकडे बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. पार 1842 पासूनची परंपरा. गर्दी असते, खाटा कमी पडतात, पण सत्तरी तालुक्यातला माणूस हार्टचं दुखणं घेऊन तिथे जाऊ शकतो तो टॅक्सच्याच पैशावर. दीनदयाळ या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्डही त्यातूनच चालतं. टॅक्स म्हणजे निव्वळ लूट असं बोलताना हे विसरू नये.

माझी विनंती एवढीच, तुम्ही परदेशातल्या पगारांचे तक्ते छापता त्यात प्रीमियम आणि डिडक्टिबल असे दोन रकाने घाला. आणि ऑफर लेटर हातात आलेल्या पोरांनी पगाराचा आकडा बघून झाला की एचआरला विचारावं, विमा कोणाकोणाला धरून आहे, माझा वाटा किती, डिडक्टिबल किती आणि नोकरी सुटली तर काय.

एक वाचक,
फोंडा, गोवा