छोट्या कुऱ्हाडीला खेळणं समजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की इंदूरहून चोरल, जानापाव, मांडू, महेश्वरकडे तंबू घेऊन निघणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांच्यासाठी छापल्या जाणाऱ्या सामानाच्या यादीत विजेरी, दोरी, काडेपेटी यांच्या रांगेत ‘एक छोटी कुऱ्हाड’ हेही असतं. कोणती घ्यायची, कशी वापरायची, याबद्दल अवाक्षर नसतं. मग लोक सर्वांत चकचकीत दिसणारी उचलतात आणि आकारानं लहान म्हणून ती मुलांच्या हाती देतात. हे थांबावं म्हणून हे पत्र.

लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा घाव चुकला तर पातं बहुधा पुढ्यात, जमिनीत रुततं. सव्वा फुटाच्या कुऱ्हाडीचा चुकला तर तिची फेरी गुडघ्यावर किंवा नडगीवर येऊन संपते, कारण पात्याची पोच तेवढीच असते. छोटी कुऱ्हाड उभ्यानं चालवू नये, हा पहिला नियम यातूनच निघतो. गुडघे टेकून बसावं आणि ओंडका आपल्या पुढे ठेवावा. फोडायचं लाकूड ओंडक्याच्या पलीकडच्या कडेवर ठेवावं, म्हणजे घाव निसटला तरी पातं ओंडक्यातच थांबतं. कुऱ्हाड धरलेला हात ताठ करून चहूकडे फिरवला असता जेवढी जागा व्यापेल, तेवढ्यात दुसरं कोणी नको. डोक्यावर फांदी किंवा तंबूची दोरीही नको.

आता निवड. पातं पाचशे ते सहाशे ग्रॅम, दांडा १४ ते १६ इंच, धारेची रुंदी तीन इंचांच्या आसपास, एवढं पुरे. याहून हलकी घेतली तर घावात वजन नसतं, मग माणूस मनगटाचा जोर लावतो आणि नेम जातो. जड घेतली तर एका हातात आवरत नाही. पातं, हातोडी आणि खिळे उपटायची चीर एकातच असलेली कुऱ्हाड घेऊ नये. तिची तिन्ही कामं अर्धवट. स्टेनलेस स्टीलचं चकचकीत पातंही टाळावं. गंजत नाही एवढाच त्याचा गुण, पण घाव सोसायला लागणारा चिवटपणा साध्या कार्बन पोलादात जास्त असतो.

जाहिरातीत ‘हंटिंग’ शब्द असला की वस्तू भारी वाटते. परदेशी शिकाऱ्यांसाठी घडवलेल्या कुऱ्हाडीचं पातं मांस-हाडं तोडायला पातळ ठेवतात आणि मागची बाजू कातडी सोडवताना मांस फाटू नये म्हणून गोल, गुळगुळीत करतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. तंबूच्या लाकडी खुंट्या ठोकायला सपाट पाठ लागते आणि चिपा काढायला पाचरीसारखं मागे जाड होत गेलेलं पातं लागतं. तेच घ्यावं.

आमच्या मते चांगली कुऱ्हाड अजूनही लोहाराकडेच मिळते. माळव्यात रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणारे गाडिया लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून, पातं घडवतात. पाट्याचं पोलाद मुळातच लवचीक आणि चिवट असतं. मात्र धारेला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-विझवून ती नीट कडक केली आहे का, हे तपासून घ्या. सोबत बारीक दातांची कानस न्यावी. धारेवर ती हलकेच फिरवली असता थोडी चावली पाहिजे, थोडी सरकली पाहिजे. लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाणी उतरलेलं आहे, धार दुमडेल. काचेवरून जावी तशी नुसती घसरली तर पातं ठिसूळ आहे, गाठीवर कपची उडेल. मग तीच कानस नेढ्याजवळ, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाजवळ, लावून पाहा. तिथे ती सहज चावायला हवी, कारण तो भाग मऊच असावा लागतो.

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलीत तर लोखंडाइतकाच वेळ दांड्यावर घालवा. धावडा, तिवस, शिसम किंवा पक्का बाभूळ चालतो. दांड्यावर जाड रंग असेल तर दुसरा मागा. रंगाखाली गाठ किंवा लांबीनं (पुट्टीनं) बुजवलेली भेग असू शकते. खालच्या टोकाकडून पाहिलं की लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेनं उभ्या दिसाव्यात, आणि बाजूनं पाहिलं तर त्या दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाव्यात. मध्येच कडेला बाहेर पडणारी रेष असेल तर दांडा तिथेच मोडणार. नेढं लंबगोल हवं, कारण गोल नेढ्यात दांडा फिरतो आणि पातं तिरकं लागतं. शेवटी धार डोळ्यांसमोर धरून दांड्याकडे नजर टाका. दोन्ही एका रेषेत नसतील तर ठेवून द्या.

सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे डुगडुगणारं पातं. पावसाळ्यात घट्ट बसलेला दांडा माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसतो आणि नेढ्यात सैल होतो. घरोघरी यावर एकच उपाय चालतो, कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी ती घट्ट लागते खरी, पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या नेढ्यात दाबलं जाऊन त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षाही सैल होतं. नेमकं तेव्हाच ते कोणाच्या तरी हातात असतं. खरा उपाय पाचरीचा. दांड्याचं वरचं टोक नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश चिरावं. पातं वर आणि दांड्याचं खालचं टोक खाली ठेवून ओंडक्यावर आपटावं, म्हणजे पातं आपल्याच वजनानं दांड्यावर खाली सरकतं. टोक नेढ्याबाहेर तीन-चार मिलिमीटर राहू द्यावं आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाची पाचर ठोकावी. ओल्या लाकडाची पाचर आठवड्यात सैल होते. दांडा वरून घालायची, वरच्या टोकाला जाड असलेल्या दांड्याची पद्धतही चांगली. घावागणिक तो आणखी आवळतो. कोणतीही कुऱ्हाड असो, काम सुरू करण्याआधी पातं हलवून पाहणं चुकवू नये.

धार बोथट झाली की कुऱ्हाड लाकडात शिरत नाही, उसळते. धार पाहायला ती उन्हात किंवा दिव्याखाली धरा. कडेवर पांढरी रेघ चमकली तर तिथे धार गेली आहे. खऱ्या धारेवर प्रकाश थांबत नाही. बाजारात मोटरच्या कोरड्या चाकावर लावून घेण्यात मोठा धोका आहे. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं, आणि तो भाग झिजून जाईपर्यंत धार टिकणार नाही. घरीच करावं. कुऱ्हाड शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पक्की धरून, हातात चामडी मोजा घालून, कानस एकाच दिशेनं चालवावी आणि परत आणताना उचलावी. दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांचा कोन ठेवावा. कोन चुकतोय का हे कळायला धारेच्या पट्टीवर मार्करची शाई लावा आणि दोन-तीन हात फिरवा. शाई जिथून गेली तिथे कानस लागते आहे. एका बाजूला काम झालं की पलीकडच्या कडेवर बोटाला बारीक खरखर जाणवते, मग बाजू बदला. शेवटी निसण्यावर (धारेच्या दगडावर) पाण्यानं आणि जुन्या चामडी पट्ट्यावर दोन-चार वेळा.

फोडताना नवख्यानं घाव घालूच नये. धार लाकडाच्या टोकावर रेषांच्या दिशेनं टेकवावी, लाकूड आणि कुऱ्हाड एकत्र उचलून ओंडक्यावर आपटावं. पातं जरा शिरलं की लाकडावरचा हात काढून पुन्हा आपटावं. बोटं वाचतात आणि अंगठ्याएवढ्या चिपा भराभर निघतात. सागवान सरळ फुटतं. कडुनिंबाच्या रेषा पिळदार असल्यानं तो पातं धरून ठेवतो, आणि निमाडातला सुका अंजन पातळ धारेची कपची काढतो. तुकडा करायचा असेल तर घाव काटकोनात न घालता साधारण ४५ अंशांनी तिरका, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून घालावा. मनगटाहून जाड लाकडाला छोटी करवतच बरी. ओंडक्याशिवाय जमिनीवर कधीही तोडू नये. आपल्या काळ्या मातीखाली जागोजागी बेसाल्टचे गोटे आहेत आणि धार जायला त्यावरचा एक ठोका पुरतो. कुऱ्हाडीच्या पाठीनं लोखंडी खुंटी ठोकू नये, तसंच पाठीवर हातोडी मारू नये, त्यानं नेढं फाकतं.

लाकूड मात्र घरूनच न्या, वखारीतून किंवा ओळखीच्या शेतातून. राखीव जंगलात झाड तोडणं, फांदी छाटणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. मनाई असताना आग पेटवणंही त्यातच येतं. रालामंडलसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायला वन्यजीव कायद्याचं कलम ३१ मनाई करतं. जनावराला इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू त्या व्याख्येत बसते, तेव्हा तिथे ती पिशवीत नकोच.

काम संपलं की पातं पुसून खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि दांड्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळावं. ते तेल लागलेली चिंधी बोळा करून टाकू नये. वाळताना ती तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी. कुऱ्हाडीचं म्यान सायकलच्या जुन्या टायरच्या तुकड्याचंही होतं, धारेवर बसवून दोरीनं बांधायचं. प्रवासात ती कमरेला न लावता पिशवीच्या मधोमध ठेवावी, आणि दुसऱ्याच्या हाती देताना म्यानासकट, दांडा पुढे करून द्यावी.

कळावे,
आपले,
इंदूरचे काही भटके वाचक