बोरघाटाच्या रेल्वे-कंत्राटाचे कागद वाचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची आठवण दरवर्षी काढली जाते. परंतु तो मार्ग बांधणाऱ्या ‘फेव्हिएल आणि फाउलर’ या इंग्रज भागीदारीचे नाव खुद्द ठाण्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही. पुढे कर्जत-लोणावळ्यादरम्यानच्या बोरघाटातील रेल्वेमार्गाचे कंत्राट विल्यम फेव्हिएल यांनी एकट्याने घेतले. १८५६ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात पंचवीस बोगदे खोदायचे होते आणि १,८३१ फुटांची चढण बसवायची होती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फेव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट आपल्याकडे घेतले व अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या देखरेखीखाली एप्रिल १८६३ पर्यंत ते पुरे करून दाखवले. या बाईंची कर्तबगारी सांगावी तेवढी थोडीच. मात्र १८६१ मध्ये घाटात राबणाऱ्या सुमारे ४२,००० माणसांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो?

ती नावे मिळालीच, तर हजेरीपट, उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) पावत्या आणि मुकादमांच्या वह्यांत मिळतील, या समजुतीने आमच्या स्थानिक इतिहास मंडळाने खालापूर, कर्जत व मावळ भागातील घरोघरचे मोडी कागद पाहण्याचे काम हाती घेतले आहे. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका रुमालातील, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरातील, पाने सर्द होऊन एकमेकांना चिकटली होती. सुटलेल्या एका पानावर उचलीची रक्कम आणि खाली ‘निशाणी नांगर’ (सही न येणाऱ्या शेतकऱ्याची सहीऐवजीची खूण) एवढेच वाचता आले. तो कागद रेल्वेच्या कामाचा की साध्या सावकारीचा, हे उरलेली पाने सुटल्यावरच कळेल.

यासाठी मोडी वाचणाऱ्यांनी आठवड्यातून निदान दोन तास द्यावेत, आणि स्कॅनिंग, कागदांची दुरुस्ती व आम्लविरहित खोकी यांच्या खर्चासाठी यथाशक्ती देणगी द्यावी, अशी विनंती आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. ज्यांच्या घरी जुनी दप्तरे असतील त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात दाखवावीत. स्कॅन करून मूळ कागद पोचपावतीसह परत केले जातील. तोपर्यंत फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करून घेऊ नये.