बाबा, महाबळेश्वरचा आठवडा यंदा बदलून घ्या

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई म्हणते, "अगं, तुम्ही मुलं जा, आमचं काय आता." म्हणून शेवटी लिहूनच पाठवतेय. हातात कागद आला की बाबा पेन घेऊन बसतात. यावर काय खुणा करायच्या त्या करा, पण पूर्ण वाचा.

महाबळेश्वरच्या टाइमशेअरमधला, म्हणजे तिथल्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी आपल्या हक्काचा असलेला, पुढच्या मे महिन्यातला आठवडा कुणालाही देऊ नका आणि तिथे जाऊही नका. तो आत्ताच एक्स्चेंजमध्ये, म्हणजे असे आठवडे बदलून देणाऱ्या कंपनीकडे, जमा करा आणि त्याच्या बदल्यात थायलंडमधल्या फुकेतला जाऊन या. तुम्ही दोघंच. दादाची सुट्टी, माझी सुट्टी, मुलांच्या परीक्षा हे सगळं जुळायची वाट बघण्यात बरीच वर्षं गेली आणि तो आठवडा दर वेळी मामाकडे, नाहीतर बाबांच्या ऑफिसातल्या कुणाकडे गेला.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने महाबळेश्वरचा टाइमशेअर घ्यावा, यावर आजवर घरात पुरेसं हसून झालंय. त्या हॉटेलातलं फुकट जेवण, टाय लावलेला तो गोड बोलणारा मुलगा, भेट मिळालेला आणि पहिल्याच धुण्यात कान तुटलेला टी-सेट, सगळं मान्य. पण घेतलेली वस्तू वाईट नाही, फक्त ती वापरायची जागा दुसरी आहे. घरून सकाळी निघालं तर नाश्त्याला महाबळेश्वरात पोहोचतो आपण, तिथे सात रात्री राहून करायचं काय? आईची तर तिथेही सुटका नाही. कुकर, पोळपाट, गोडा मसाला, डब्यात भाजलेलं दाण्याचं कूट, सगळं बरोबर. मागे एकदा माकड बाल्कनीतून ते कूटच डब्यासकट घेऊन गेलं आणि आई माकडाच्या आधी आम्हालाच ओरडली.

पण हाच आठवडा बाहेर भारी ठरतो. आपला विसावा आठवडा, म्हणजे मेचा मध्य. शाळांना सुट्टी, अर्धं पुणं-मुंबई घाटात, वेण्णा लेकपाशी गाड्यांची रांग. एक्स्चेंजमध्ये तुमच्या आठवड्याचं वजन ठरतं ते ठिकाणाला मागणी किती, हंगाम कोणता, खोली केवढी, त्यात किती माणसं झोपू शकतात आणि तुम्ही तो किती आधी जमा केलात यावर. पहिल्या चार गोष्टी आपल्या बाजूने आहेत, आपला तर वन बेडरूम आहे. पाचवी तुमच्या हातात आहे. बाजार समितीत पहाटे पोहोचलेल्या गाडीला मिळतो तो भाव दुपारच्या गाडीला मिळत नाही, तसंच हे. नऊ महिने किंवा त्याहून आधी जमा केला तर पूर्ण वजन मिळतं, शेवटच्या काही आठवड्यांत दिला तर फारसं काही हाती लागत नाही. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच हे काम व्हायला हवं. जमा केलेला आठवडा लगेच वापरायचं बंधन नसतं, त्याच्या तारखेनंतर दोन वर्षांपर्यंत तो चालतो.

बाबा विचारतील, कंपनी खरी कशावरून? आपलं रिसॉर्ट आरसीआयशी जोडलेलं आहे. ही कंपनी १९७४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका नवरा-बायकोने सुरू केली. टाइमशेअर घेतलेल्या लोकांना दर वर्षी त्याच खोलीत जायचा कंटाळा यायचा, त्यातून आपापसांत आठवडे बदलायची ही व्यवस्था निघाली. आज हजारो रिसॉर्ट त्यांच्याशी जोडलेली आहेत. पण कुणाशी थेट अदलाबदल नसते. आपला आठवडा त्यांच्या साठ्यात जातो, फुकेतच्या कुणीतरी आपला तिथे टाकलेला असतो, आणि महाबळेश्वरला येणारं कुटुंब तिसरंच असतं.

यात तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू कोणती, माहितेय? तुम्ही दोघं रिटायर्ड आहात. नोकरदार माणूस मेच मागतो, नाहीतर दिवाळी. तुम्ही गर्दीतला आठवडा देऊन मोकळ्या दिवसांतला मागू शकता, आणि असे बदल पटकन जुळतात. तेव्हा मे सोडा. फुकेतला तर मे अजिबात नको. मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा, पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाटा मोठ्या, पोहू नका म्हणून लाल बावटे लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं. त्यातही नाताळ ते नवीन वर्ष आणि चिनी नववर्षाचे दिवस (ते जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीत येतं) मिळणं अवघड. डिसेंबरात आईचे मार्गशीर्षातले गुरुवार. म्हणून मी होळी ते गुढीपाडवा हा काळ धरलाय. ऊन असेल, पण साताऱ्यात तरी त्या दिवसांत काय गारवा असतो? आणि समुद्र शांत असतो.

एकाच रिसॉर्टचं नाव लिहून "हेच हवं" असा हट्ट नको. शोध चालू ठेवायची सोय असते, तिथे तारखांचा मोठा पट्टा आणि चार-पाच रिसॉर्ट द्यायची. जुळलं की कळवतात. पाटोंग मी यादीतून काढलंय, तिथे रात्रभर गाणी चालतात. करोन, काटा चांगले किनारे आहेत, पण तो भाग डोंगराळ, काही रिसॉर्टमध्ये खोलीपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. आईचा गुडघा बघता लिफ्ट किंवा तळमजला लेखी मागायचा. उत्तरेला माय खाओ आहे, विमानतळाजवळ, लांबलचक आणि शांत. मला तुमच्यासाठी तेच आवडलंय. बाबांना संध्याकाळी सरळ रेषेत चालायला आवडतं.

खर्च लपवत नाही. एक्स्चेंजची फी आहे, विमानाचं तिकीट आहे, आणि काही रिसॉर्ट चेक-इनच्या वेळी वेगळे पैसे घेतात. ते कन्फर्मेशनवर लिहिलेलं असतं, मी वाचून सांगीन. तिकिटं दादा आणि मी काढणार, त्यावर चर्चा नको. मुंबईहून थेट विमान आहे. साताऱ्याहून मुंबई विमानतळ गाठायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यात तुम्ही तिथे. घड्याळ दीड तास पुढे करायचं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, बाबांचा आजच काढून बघा. मे २०२५पासून थायलंडला जाण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते मी इथून भरीन.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. वन बेडरूम मागायचं कारणच ते, स्टुडिओत, म्हणजे एकाच खोलीच्या जागेत, बहुतेक ठिकाणी फ्रिज आणि किटलीच असते, इथे ओटा मिळेल. पण रोज खिचडी टाकायला तू तिथे जात नाहीयेस. फुकेतमध्ये पूर्वी कथिलाच्या खाणींवर आलेल्या चिनी लोकांची वस्ती आहे. त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो, आपल्या नवरात्राच्या आसपास. त्या जेवणाला "जे" म्हणतात. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. अशी दुकानं एरवीही असतात, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं. पाटीचा फोटो मी तुझ्या फोनवर ठेवून देते, तो दाखवायचा. चातुर्मास पाळणारी बाई तिथे उपाशी राहणार नाही.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. गोदरेजच्या कपाटातल्या निळ्या फाइलमधला मेंबरशिप नंबर, आणि यंदाच्या मेंटेनन्सची पावती. मेंटेनन्स भरलेला नसेल तर आठवडा जमाच करून घेत नाहीत. दोन्हींचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, सावली न पडता.

आणि आठवडा तुमच्याच नावावर राहू द्या. मला पाठवायचं ठरवलंत तर वेगळं गेस्ट सर्टिफिकेट काढावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. काढायचंच नाही, म्हणून सांगितलं.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दोन सूचना. "तुमची मेंबरशिप चांगल्या किमतीला विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर कितीही गोड बोलला तरी एक रुपया देऊ नका, नंबर मला पाठवा. आणि फुकेतच्या रिसॉर्टमध्ये कुणी "दीड तास बसा, फक्त माहिती देतो, जेवणाचं कूपन मिळेल" म्हणालं तर जेवण विकत घ्या. टी-सेट आपल्याकडे आहे.