आत उघडणारं दार

संपादक साहेब,
मागे मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटर बघितलं, गेलो रॉकेटं बघायला आणि अडकलो चांद्रमोहिमेतल्या अपोलो १ या यानाच्या दारापाशी. एक नाही, एकावर एक तीन दारं, आणि सगळ्यात आतलं आत ओढूनच उघडायचं! २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच टेस्ट चालू होती, यानात शुद्ध ऑक्सिजन, आग लागली तसं आतलं प्रेशर एवढं वाढलं की दार जागेवरच दाबून बसलं, आतले ग्रिसम, व्हाइट, चॅफी तिघेही अंतराळवीर गेले. आणि याच ग्रिसमच्या १९६१ च्या यानाचं दार समुद्रात उतरल्यावर नको तेव्हा उडालं होतं, काय म्हणावं. ५० वर्षांनी, २०१७ ला अपोलो १ चं हे दार लोकांपुढे मांडलं. शेजारी नंतरचं नवं दारही आहे, बाहेर उघडणारं, काही सेकंदात.
- एक वाचक, ठाणे