सिम्बॉल मागे राहिला, बरं झालं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कोड आज सकाळी निवांत वाचला. "आई, जावास्क्रिप्ट चक्रम आहे, कॉपी केलं की अर्धंच येतं" असं तू म्हणालीस. चक्रम नाही गं, पण फोनवर हे सांगायला लागले की तू "हो हो, कळलं" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय.

तुझ्या ऑर्डरच्या ऑब्जेक्टवर रक्कम, पत्ता, तारीख ही साधी स्ट्रिंग नावं आहेत आणि 'तपासलेलं' ही खूण तू सिम्बॉलखाली ठेवली आहेस, म्हणजे इतर कुठल्याही नावाशी जुळत नाही अशा खास नावाखाली. सर्व्हरकडून येणाऱ्या एखाद्या फील्डशी नाव आदळू नये, हा विचार चांगला. 2015 साली सिम्बॉल भाषेत आले ते बऱ्याच अंशी याच सोयीसाठी: ऑब्जेक्टवर नवं काही ठेवावं आणि जुन्या कोडला त्याचा उपद्रव होऊ नये. म्हणूनच फॉर-इन लूप, ऑब्जेक्ट.कीज, ऑब्जेक्ट.एंट्रीज यांतलं कुणीच सिम्बॉल दाखवत नाही. तू कॉपी केलीस ती एंट्रीज काढून, फिल्टर लावून, फ्रॉमएंट्रीजने परत बांधून. एंट्रीजने जे हातात दिलंच नाही ते फ्रॉमएंट्रीज बिचारं कुठून आणणार?

हेच तू तीन टिंबांच्या स्प्रेडने केलं असतंस तर खूण बिनबोभाट आली असती. ऑब्जेक्ट.असाइननेही आली असती. ऑब्जेक्टची स्वतःची आणि एन्युमरेबल (म्हणजे 'गणतीत धरायची' असं ठरवलेली) प्रत्येक प्रॉपर्टी, म्हणजे नाव आणि त्याखालचं मूल्य, हे दोघे उचलतात. नाव स्ट्रिंग आहे की सिम्बॉल, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. डिस्ट्रक्चरिंगमधला रेस्टही तसाच, "पत्ता बाजूला काढ, बाकीचं दे" म्हटलं की बाकीच्यात सिम्बॉल आलेच.

पण आता तुझ्या फंक्शनची पुढची ओळ बघ. कॉपी झाल्यावर तू पत्ता बदलतेस! म्हणजे जुन्या पत्त्यासाठी झालेली तपासणी नव्या पत्त्याला चिकटली असती, पुढच्या फंक्शनने 'तपासलेलं' पाहून ऑर्डर सोडून दिली असती आणि कुठे एरर म्हणून दिसली नसती. खूण मागे राहिली म्हणून निदान टेस्ट तरी लाल झाली. कॉपी कशी करायची हे नंतर. ही खूण नव्या ऑब्जेक्टबद्दल खरी आहे का, हे आधी ठरव. 'ही ऑर्डर ॲपमधून आली' अशी खूण असती तर ती कॉपीबरोबर जायलाच हवी होती. 'तपासलेलं' जायला नको.

मग ती कुठे ठेवायची? एक वाट म्हणजे ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टीने ती एन्युमरेबल नसलेली करायची, म्हणजे स्प्रेड आणि असाइन तिला हात लावणार नाहीत. मला विचारशील तर ऑब्जेक्टवर ठेवूच नकोस. एक वीकसेट, म्हणजे ऑब्जेक्टची नुसती नोंद ठेवणारा संच, कर आणि तपासलेली ऑर्डर त्यात टाक. कॉपी हा वेगळा ऑब्जेक्ट, त्यामुळे तो आपोआप बाहेर राहतो, आणि मूळ ऑर्डर कुणी वापरेनासं झालं की वीकसेट तिला धरून ठेवत नाही. मात्र मूळ ऑर्डरचाच पत्ता कुणी जागेवर बदलला, तर यातलं काहीच वाचवणार नाही, तेवढं लक्षात असू दे.

तुझी दुरुस्ती मात्र मला रुचली नाही. गेटओनप्रॉपर्टीसिम्बॉल्सने सगळे सिम्बॉल गोळा करून एकेक असाइन करत सुटली आहेस. ते फंक्शन एन्युमरेबल नसलेले सिम्बॉलही देतं, आणि साध्या असाइनने ते कॉपीवर एन्युमरेबल होऊन बसतात. एखाद्या लायब्ररीने मुद्दाम झाकून ठेवलेलं तू चव्हाट्यावर आणलंस. शिवाय कार्टमध्ये 'एकूण' हा सिम्बॉलखालचा गेटर, म्हणजे वाचताना दरवेळी हिशेब करून उत्तर देणारं छोटं फंक्शन, आहे ना? कॉपी करताना तो चालतो, समज 450 देतो, आणि नव्या कार्टवर 450 हा नुसता आकडा बसतो. मग त्या कार्टला 570 रुपयांची नवी यादी दिलीस तरी एकूण 450च. स्प्रेडनेही हेच होईल. गेटर गेटर म्हणूनच न्यायचा असेल तर प्रत्येक प्रॉपर्टीची पूर्ण व्याख्या देणारं गेटओनप्रॉपर्टीडिस्क्रिप्टर्स घे आणि डिफाइनप्रॉपर्टीजला दे. त्यात सिम्बॉलही येतात आणि एन्युमरेबल असणं-नसणंही जसंच्या तसं राहतं.

तुझे सीनियर म्हणतात तसं जेसन.स्ट्रिंगिफायने ऑब्जेक्टचा मजकूर करून परत पार्स केलंस तर सिम्बॉलखालचं सगळं गळेल. पूर्ण कॉपी करणारं स्ट्रक्चर्डक्लोनही सिम्बॉलच्या नावाची प्रॉपर्टी नेत नाही. जेसनच्या या उणिवेचा वेबपानं बनवायच्या रिॲक्ट लायब्ररीने 2015 पासून पहारेकऱ्यासारखा उपयोग करून घेतला आहे: प्रत्येक एलिमेंटवर, म्हणजे पानावर काय दाखवायचं ते सांगणाऱ्या ऑब्जेक्टवर, एक ठरावीक सिम्बॉल व्हॅल्यू म्हणून असतो, जेसनमधून सिम्बॉल येऊच शकत नाही, त्यामुळे कुणी सर्व्हरच्या डेटात एलिमेंटसारखा दिसणारा ऑब्जेक्ट घुसवला तरी रिॲक्ट तो एलिमेंट म्हणून रेंडर करत नाही. मला हे फार आवडतं.

अजून एक. बिलाच्या फाइलमध्ये तू परत सिम्बॉल('तपासलेलं') लिहिलं आहेस. वर्णन तेच, पण सिम्बॉल नवा. कॉपी कितीही नीट झाली तरी तिथे अनडिफाइन्डच मिळणार. एका फाइलमधून एक्सपोर्ट कर, नाहीतर सिम्बॉल.फॉर वापर, अर्थात वीकसेट केलास तर या सिम्बॉलची गरजच उरणार नाही, मग सेट एक्सपोर्ट कर.

आधी गेटरचं बघ, कारण त्यात पैशाचा आकडा चुकतोय. वीकसेटचं सीनियरना पटलं नाही तर काय म्हणाले ते कळव. आणि रात्री दोनला कोड पाठवत जाऊ नकोस, बाबांची झोप मोडते.

तुझी,
आई