टी ऑर सी गावातल्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमच्या पिकअपमध्ये चढताना माझी आई तुम्हाला ‘ताई’ म्हणाली, म्हणून तुम्ही माझ्या मावशी. इंग्रजीतलं छोटं पत्र तुम्हाला पोस्टाने पाठवलंच आहे, पण त्याने माझं मन भरलं नाही. आमच्या माणसांनाही तुम्ही कळाव्यात, म्हणून हे दुसरं पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर.

सप्टेंबरातला मंगळवार होता तो. मी, माझा नवरा आणि दापोलीहून आलेले आई-बाबा, असे आम्ही चौघं डॅलसहून भाड्याची आरव्ही घेऊन निघालो होतो. व्हाइट सँड्सची पांढरी वाळू पाहून न्यू मेक्सिको राज्यातल्या तुमच्या टी ऑर सी गावात दोन दिवस मुक्काम केला. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर खरं, पण ते एकदा आरव्हींच्या पार्कात लावलं आणि पाण्याचा पाइप, विजेची केबल, सांडपाण्याची नळी जोडली, की दुधाची बाटली आणायलासुद्धा सगळं सोडून, गुंडाळून, कपाटांना खिट्ट्या लावून अख्खं घर बाजारात न्यावं लागतं. आमची कामं तर साठली होती. आठवड्याचे कपडे धुवायचे होते. पाण्याचा पाइप नळाशी टपटप गळत होता. वाटेत बाबांचा चष्मा मोडला होता. शेजाऱ्यांनी घरून दुसरा पाठवला होता, तो तुमच्या गावच्या पोस्टातून घ्यायचा होता.

मी आणि आई कपड्यांचं गाठोडं घेऊन पायीच लाँड्रोमॅटला आलो. मशीनला क्वार्टरच, म्हणजे पाव डॉलरची नाणीच लागतात आणि सुटे देणारं यंत्र बंद. मी वीसची नोट हातात धरून उभी होते. तुम्ही घड्या घालायच्या थांबलात, पर्समधून गोळ्यांची नारिंगी बाटली काढलीत आणि ती आईच्या ओंजळीत उपडी केलीत. बाटली पाव डॉलरच्या नाण्यांनी गच्च भरलेली होती. मी नोट पुढे केली, ती तुम्ही घेतली नाहीत. विचारलंत, “अजून काय काय कामं आहेत?” आईने ब्लाउजमधून चिठ्ठी काढली. वायसर, पोस्ट, दूध, मिरच्या. मी वाचून दाखवली आणि तुम्ही म्हणालात, “कपडे वाळेपर्यंत होईल सगळं.”

इथे आईबद्दल थोडं सांगते. आई अंगणवाडी सेविका होती. दापोली तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या तिने पायी पालथ्या घातल्या. बँक, गिरणी, पंचायत समिती, बाहेरची सगळी कामं तीच करायची, बाबा तर एसटीतल्या नोकरीमुळे घरी नसायचेच. अशी बाई अमेरिकेत आली की सोफ्यावर बसून राहते, कारण दाराबाहेर पडायचं तर कुणीतरी गाडी काढायला हवी. आरव्हीतही ती खिडकीपाशी बसून ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणत होती. मला ते दिसत होतं आणि त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानात ते बदललं. मी पाइपाचं नवं भेंडोळंच उचलायला निघाले होते. आईने मला थांबवलं, सोबत आणलेलं पाइपाचं टोक उघडलं आणि आतली चिरलेली रबरी चकती नखाने उचकटून तुमच्यासमोर धरली. “वायसर गेलाय.” मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही “वॉशर!” म्हणून तिला दुसऱ्या रांगेकडे घेऊनही गेला होतात. शब्द एकच होता, फक्त आमच्याकडे येईपर्यंत त्याचा वायसर झाला होता. दहा चकत्यांचं पाकीट मिळालं. आईने एकेक अंगठ्याने दाबून पाहिली आणि पैसे स्वतः मोजून दिले. या देशात पहिल्यांदाच.

पोस्टातही तुम्ही मला मागे थांबवलंत आणि आईलाच खिडकीशी पाठवलंत. नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी’, गावाचं नाव आणि पिन, एवढ्या पत्त्यावर पोस्ट फिरस्त्यांचं टपाल ३० दिवसांपर्यंत सांभाळून ठेवतं, हे मला माहीत होतं. पार्सल आईच्याच नावावर मागवलं होतं. तिने पासपोर्ट दाखवला, सही केली आणि चष्म्याचं खोकं छातीशी धरून बाहेर आली.

वाटेत तुम्ही गावाची गोष्ट सांगितलीत. सहा हजार वस्तीच्या या गावाचं नाव पूर्वी हॉट स्प्रिंग्ज होतं. ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ नावाच्या रेडिओवरच्या कार्यक्रमाचे निवेदक राल्फ एडवर्ड्‌स यांनी जाहीर केलं, की जे गाव आमच्या कार्यक्रमाचं नाव घेईल तिथून आम्ही प्रसारण करू. गावाने मतदान घेऊन १९५० मध्ये ते नाव घेतलं. पुढे एडवर्ड्‌स कित्येक वर्षं गावच्या उत्सवाला येत राहिले. तेवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे टी ऑर सी म्हणतात.

किराणा दुकानाबाहेर जाळीच्या पिंपात हॅच गावच्या हिरव्या मिरच्या भाजत होत्या. एक मुलगा पिंप फिरवत होता, खालून गॅसची ज्वाळा, आणि साली तडतडत काळ्या पडत होत्या. आई तिथून हलेना. तुम्ही सांगितलंत, की एलिफंट ब्यूटला रिओ ग्रांदे नदीवर १९१६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचं पाणी खाली हॅचच्या शेतांना जातं, त्यावर ही मिरची पिकते. आईने पिशवीभर घेतल्या. रात्री खलबत्ता नव्हता, म्हणून लसूण, शेंगदाणे आणि मिरच्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाने ठेचल्या. तोच ठेचा सकाळी तुम्हाला बाटलीत भरून दिला.

पण ठेचा करण्याआधीची, त्याच संध्याकाळची गोष्ट राहिली. नदीकाठच्या गरम झऱ्यांच्या स्नानगृहात तुम्ही आम्हाला नेलंत. आईला दापोलीकडचं उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड आठवलं, फक्त इथे गंधकाचा वास नव्हता. तुम्ही बूट काढलात आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडलात. दिवसभर तुम्ही किंचित लंगडत होतात, ते आम्ही वयावर घातलं होतं. १९५२ साली, सातव्या वर्षी, तुम्हाला पोलिओ झाला. मुलांसाठी १९३७ मध्ये या गावात, इथल्या गरम पाण्यासाठीच, कॅरी टिंगली हॉस्पिटल उभं राहिलं होतं. तिथे तुम्ही दोन वर्षं होतात आणि तुमची आई महिन्यातून एकदा यायची. पुढे ती इमारत निवृत्त सैनिकांचं घर झाली.

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने काही विचारलं नाही. पाण्यात हात घालून तुमची पोटरी धरली आणि मग एकदम बोलत सुटली, मला भाषांतर करणं जमेना. १९९५ पासूनचे तिचे पोलिओ रविवार. बर्फाचा डबा खांद्याला लावून ओढे ओलांडणं, गवंड्यांच्या झोपड्यांमधली पोरं शोधणं, दोन थेंब पाजून डाव्या करंगळीवर शाईची खूण करणं. एका घराने तीनदा दार लावून घेतलं, तिथे चौथ्यांदा जाणं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी ती घरी पुरणपोळी करून रडली होती, हे मलाही तेव्हाच कळलं. तुम्ही तिची डावी करंगळी हातात घेऊन बसून राहिलात.

मावशी, मी तुमची ऋणी आहे. गाडीच्या पेट्रोलाची, तुमच्या गेलेल्या दिवसाची, नाण्यांची, आणि तुम्ही माझ्या आईला मागच्या सीटवर न बसवता शेजारी बसवलंत त्याची. तुमच्याबरोबर फिरलेल्या त्या दिवसानंतरच्या मुक्कामी सकाळी ती आपणहून पिशवी घेऊन दूध आणायला गेली, रस्ता विचारत.

आई आता दापोलीला पोचली आहे. तिचा निरोप आहे: ठेचा फ्रिजमध्येच ठेवा, आणि थंडी पडली की रात्री पायाला कोमट तेल लावून मोजे घाला.

तुमची भाची