दोन बोटं सैल सोडलेला टाका

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "बरं बरं, ठेव आता, माझी भाजी खाली लागेल," म्हणून मोकळ्या होता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांसमोर. हे मध्येच तोडता येणार नाही.

आधी गुन्हा कबूल करते. लेकीच्या बॅले क्लासच्या वार्षिक कार्यक्रमासाठी भाड्याने आणलेला पांढरा टुटू, म्हणजे जाळीच्या थरांचा तो आखूड, पसरट बॅले-घागरा, मी तीन आठवडे हँगरला टांगून ठेवला. जाळ्या अशा लोंबल्या की भिजलेली छत्री बरी. मग शहाणपणा करून त्यावर इस्त्री फिरवली. वरच्या थराला तळहाताएवढं भोक, इस्त्रीला चिकटलेला नायलॉनचा गोळा आणि कार्यक्रमाला उरलेले पाच दिवस. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रडगाणं गायले, तर अर्ध्या तासात तुमचा फोन. "इस्त्री बंद कर. त्याला पालथा ठेव, चड्डी वर करून. मी येते."

आपण गणपतीत दोनदा भेटलो होतो, तेवढीच ओळख. लंडनच्या थिएटरांच्या कपडेपटात तुमची सव्वीस वर्षं गेली, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, टुटू उलटा केला आणि लेकीला म्हणालात, "मोज थर." अकरा निघाले. अगदी खालचा जेमतेम चार बोटं, वरचा प्रत्येक त्याहून थोडा लांब, मधल्या एकात पोलादी तारेचं कडं, आणि सगळे चुण्या घालून चड्डीवर शिवलेले. चड्डी म्हणायला मी जरा कचरले, तर तुम्ही म्हणालात, "लाजतेस काय? फ्रेंच लहान मुलं बुडाला जो शब्द वापरतात, त्यावरूनच टुटू नाव पडलं." लेक त्यावर दोन दिवस हसत होती.

भोकाचा थर उसवून नवी जाळी लावायला चार संध्याकाळी गेल्या. सुई तुमची, चहा माझा, आणि गोष्टी मात्र थेट पॅरिसच्या. 1832 च्या मार्चमध्ये नर्तकी मारी तालिओनी 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये आली ती पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, घंटेसारख्या झग्यात. तो बॅले तिच्या बापानेच बसवलेला. गॅसच्या मंद उजेडात ते पातळ कापड धुक्यासारखं दिसायचं आणि बाई जमिनीला टेकतच नाही असं वाटायचं. पुढे पायांचं काम अवघड होत गेलं, तसा घेर वर चढत गेला. 1895 मध्ये रशियात पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेत पिएरिना लेन्यानी या नर्तकीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. एवढं करायचं आणि पाय झाकायचे, कोण ऐकेल? मला विचाराल तर अजूनही तालिओनीचा लांब झगाच आवडतो. कंबरेशी सपाट पसरलेला हा आडवा टुटू मला कधीकधी परातीसारखा दिसतो. तुम्ही यावर डोळे वटारले होते, तरी लिहितेच आहे.

एम्मा लिव्रीबद्दल सांगताना मात्र तुम्ही सुई खाली ठेवलीत. तालिओनीची लाडकी शिष्या, वय वीस. पॅरिसच्या ऑपेरात 1862 च्या नोव्हेंबरात तालीम चालू होती. घेर चुरगळू नये म्हणून तिने तो उचलून झटकला असं सांगतात, आणि गॅसच्या ज्योतीने पेट घेतला. आगीपासून वाचवणारं द्रावण तेव्हा निघालेलं होतं. पण त्याने कापड कडक आणि मळकट होतं म्हणून तिनेच ते नाकारलं होतं. आठ महिने भोगून गेली. तिच्या त्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवल्या आहेत. मी माझ्या भोकाकडे पाहिलं आणि गप्प बसले. तुम्ही नुसतं म्हणालात, "आमच्या धंद्यात कापडाची निवड म्हणजे चेष्टा नव्हे."

खरा धडा तिसऱ्या संध्याकाळी मिळाला. थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधून टाके घालायचे होते. मी हौसेने सुई घेतली आणि आपल्या सवयीने दोरा ओढून गाठ मारली. तुम्ही ती कात्रीने कापलीत. "उशी शिवतेस का? दोन बोटं सैल सोड. घट्ट आवळलास तर मेला तो." मग घेर हाताने दाबून सोडलात, तर अकराही थर एकदम न उठता एकामागून एक उठले, श्वास घेतल्यासारखे. त्या क्षणी परातीबद्दलचं माझं मत थोडं डळमळलं, कबूल.

तारेच्या कड्याचा त्रासही तेव्हाच कळला. पोरी दाटीने उभ्या राहिल्या की एकीची कड दुसरीच्या कडेला लागते, इकडचं दबलं की तिकडचं वर उसळतं. न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलंशीनच्या 'सिम्फनी इन सी' या बॅलेसाठी पोशाख शिवणाऱ्या बार्बरा कारिन्स्काने 1950 मध्ये कडंच काढून टाकलं. थर आखूड केले आणि सैल टाक्यांवर सोडून दिले. नाव पडलं पावडर पफ. तुम्ही या बाईचं नाव घेताना कानाला हात लावता, आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा.

आणि हो, लंडनच्या गोल्डर्स ग्रीनवरून जाताना आता मी रशियन नर्तकी आना पावलोवाचं घर कुठे होतं ते पाहुण्यांना दाखवते. मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे मेनका, यांना भारतीय नृत्याकडे वळायला तिनेच बळ दिलं आणि पुढे मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. आमच्या खंडाळ्याच्या सहली तेवढ्या चिक्कीपुरत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही विंगेत आलात. चोळीच्या पाठीला हुकांच्या दोन रांगा. बारीक पोरीसाठी एक, भरलेल्या पोरीसाठी दुसरी. आत पट्टीवर आधीच्या मुलींची नावं, एकाखाली एक, बहुतेक फिकी पडलेली. तुम्ही हुक लावलेत, वरून चार टाके घातलेत, फवारणीच्या बाटलीतून काखेत काहीतरी फुसफुस केलंत. ती व्होडका होती हे यांना दुसऱ्या दिवशी कपाटातली बाटली अर्धी दिसल्यावर कळलं. घामाचा वास घालवायला कपडेपटात हेच वापरतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

लेक तीन मिनिटं नाचली. घेर थरथरत राहिला, तारेचं कडं सरळ राहिलं, नवी जाळी कुठली ते मलाही ओळखता आलं नाही. टुटू परत करताना दुकानातल्या बाईंनी तो पालथा केला, आतले टाके पाहिले आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी तुमचं नाव सांगितलं आणि वर माझ्या इस्त्रीचंही.

तुमचं अंगुस्तान माझ्याकडेच राहिलंय, चहाच्या ट्रेमध्ये सापडलं. शनिवारी घेऊन येते. आभार मानणार नाही, शब्द देते. पण सोबत आणलेल्या पुरणपोळ्या ठेवून घ्याव्या लागतील.

तुमची,
इस्त्रीवाली